धोंडुबाई डावीकडे वळली

१

धोंडुबाई नाहीशी झाल्याची वार्ता नांदखेड गावात सकाळी सातच्या सुमारास पसरली, तेव्हा भाजी आणायला निघालेल्या दोन बायका हळहळत बसआगाराच्या फाटकाशी आल्या. "कुणाची गं धोंडुबाई? गारळ्यांची का?" अशी त्यांची चौकशी चालली होती. धोंडुबाई ही कोणाचीही सासू वा सून नसून बावन्न आसनांची बस आहे, हे कळल्यावर मात्र त्या अधिकच चक्रावल्या. बाई रुसून माहेरी गेली असे तरी म्हणता येते. बसला माहेर कुठले?

एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीतली ही गोष्ट. दुरुस्तीच्या छपराखाली, जिथे धोंडुबाई काल संध्याकाळपर्यंत उभी होती, तिथे आता तेलाचा एक काळा डाग आणि ताज्या तांबड्या रंगाचे चार ठिपके तेवढे उरले होते. त्यांच्याकडे पाहत आकाराम मिस्त्री उभा होता. भंगारात निघालेली ही गाडी त्याने आठ महिने खपून उभी केली होती. एका गाडीचे पाटे, दुसरीचा धुरा, तिसरीचे पत्रे असे करत तिची मोट बांधली होती. आणि ठोकताना हातोडा परत उसळत असे, म्हणून तिचे नाव धोंडुबाई ठेवले होते. आज दुपारी दोन वाजता विभागीय कचेरीतले अभियंता साहेब तिची तपासणी करणार होते. ती पास झाली, तर तीन वाजता जतच्या बाजूच्या बाळगीहट्टी या गावाला तीच पहिली गाडी म्हणून सुटणार होती. न झाली, तर ती भंगारात जाणार होती, बाळगीहट्टीची फेरी रद्द होणार होती, आणि आकारामची बदली कोयनानगरला. साहेबांनी तसे तोंडावर सांगितले होते. वाटेतली सिद्धाची खिंड भरल्या गाडीनिशी ही म्हातारी चढणार नाही, असे त्यांचे ठाम मत होते.

"नानासो, गाडी न्हाई," आकाराम म्हणाला.

"ते मला दिसते आहे," नानासो म्हणाले. "नसणे हा पुरावा नव्हे. गेली केव्हा, हे सांग."

नानासो इंगवले हे आगाराचे वेळापत्रक कारकून. कोणती गाडी कोणत्या मिनिटाला कोणत्या फाट्यावर असते, हे ते वही न उघडता सांगत. आणि गाडी तिथे नसली, तर चूक गाडीची आहे असे धरून चालत. वाद घालणे हा त्यांचा स्वभाव नव्हता, आहार होता. बाळगीहट्टीच्या फेरीचे वेळापत्रक त्यांनीच आखले होते, त्यासाठी ते त्या दगडाधोंड्यांच्या रस्त्यावरून दोनदा सायकलने जाऊन आले होते. आणि अजून एकही चाक न फिरलेले ते वेळापत्रक म्हणजे त्यांना मुंज होऊन घोड्यावर न बसलेल्या मुलासारखे वाटत होते.

"पावणेसहाला मी आंघुळीला गेलो, तवा हुती," आकाराम म्हणाला. "सातला आलो, तर ही अशी जागा."

"तिच्या कपाळावर पाटी कोणती होती?"

आकारामने मान खाली घातली. "औंधची. बाळगीहट्टीची पाटी रंगाऱ्यानं अजून दिल्याली न्हाई. चौकट बसती का बघाया मी तात्पुरती औंधची अडकिवली, आन् काढायची ऱ्हायली."

तेवढ्यात आगाराचे व्यवस्थापक भाऊसो जाधव नियंत्रकाच्या खोलीतून धावत आले. हातात फोनची वही होती.

"नाना, हे बघा. आजचीच नोंद आहे. खाली सही नाही."

नानासोंनी वाचले. पेन्सिलीने, घाईघाईने लिहिलेली एकच ओळ होती : *सव्वासहा. फोन आला. औंध गाडी. कळस. लौकर.*

२

अर्थ उघड होता, निदान भाऊसोंना तो उघड वाटला. औंधला यमाईची पौषातली यात्रा भरली होती. कुठल्या तरी गावच्या भक्तांना देवीसाठी कळस न्यायचा असावा, त्यांनी फोन करून औंधची गाडी मागितली असावी, आणि कोणा भाविकाने औंधची पाटी दिसेल ती गाडी काढून दिली असावी. भाऊसोंनी लागलीच औंधच्या स्थानकावर फोन लावला. तिथला नियंत्रक शांतपणे म्हणाला की नांदखेडहून मंजूर झालेल्या पाच जादा गाड्यांपैकी पाचही आल्या. सहावी नाही, ताज्या रंगाची नाही आणि कळसही नाही.

फाटकावर हंबीरराव शेळके होता. पलटणीत वीस वर्षे काढून तो आगाराचा दरवान झाला होता, आणि त्याच्या मिशा अजूनही कवायतीत उभ्या असत. यात्रेच्या जादा गाड्यांचे क्रमांक न लिहिता नुसती रेघ मारायची, असा त्या दिवसापुरता आदेश होता. नानासोंनी रेघा मोजल्या. पाचाऐवजी सहा होत्या.

"सहावी कितीला गेली?"

"साडेसहाला. औंधची पाटी हुती. डायवर मफलर गुंडाळून बसल्याला. म्हटलं, यमाईची गाडी, जाऊ दे."

"कुठे वळली?"

"डावीकडं."

भाऊसो चिडले. "हंबीरराव, औंध उजवीकडे आहे. डाव्या रस्त्याने जतकडे जातात. झोपेत होतास काय?"

"साहेब," हंबीररावने टाचा जुळवल्या, "वीस वर्सं मी पलटणीत डावं-उजवं केलं. चुकलो असतो, तर कवाच घरी धाडला असता. डावीकडं वळली म्हंजे डावीकडंच वळली."

"मग तेव्हाच बोंब का मारली नाहीस?"

"डिझल भराया पंपावर चालला आसंल म्हटलं. पंप डावीकडंच हाय न्हवं."

भाऊसोंनी हात झटकले आणि चहूकडे माणसे पिटाळायला गेले. नानासो मात्र तिथेच थांबले. साक्षीदाराचे म्हणणे आपल्याला गैरसोयीचे आहे, एवढ्याने ते खोटे ठरत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. उलट खोटे बोलणारा माणूस सोयीचेच बोलतो. पाटी म्हणत होती उजवीकडे, चाके गेली होती डावीकडे. दोहोंतले एक लबाड होते, आणि चाकांना लबाडी करता येत नाही.

३

चौकशीला बसायचे, तर नानासोंना समोर चहा लागे. फाटकाशेजारी दगडाबाईचे उपाहारगृह होते. अभियंत्यांपासून क्लीनरांपर्यंत सर्वांना ती एकाच सुरात झापत असे, त्यामुळे तिथे सर्वत्र समता नांदत होती.

बाकावर कोंडीबा हाक्के बसला होता. हा चालक मूळचा बाळगीहट्टीचा. गावाला गाडी मिळावी म्हणून अर्ज लिहून लिहून त्याचे अक्षर सुधारले होते. आज त्याने नवा फेटा बांधला होता, पण तोंड उतरले होते.

"माझं गाव आठाला यायचं हुतं, नानासो," तो म्हणाला. "चाळीसभर माणसं. कारखान्याच्या ट्रकात बसून निघणार हुती, गाडीला वाजतगाजत न्याला. माझी आई पण हाय. आता धा वाजाया आलं, अजून पत्त्या न्हाई. आन् आली, तरी दावू काय त्यास्नी? तेलाचा डाग?"

"येतील. दोनपर्यंत वेळ आहे."

कोंडीबाने उगाच खिडकीबाहेर पाहिले आणि गावकऱ्यांसाठी मांडून ठेवलेल्या कपांवर बोट फिरवीत तो पुटपुटत राहिला, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..."

"आवं कोंडीबा," दगडाबाई चुलीपासून ओरडली, "औंधचा चहा, येरंडाचा चहा, कसला चहा मागताय? माझ्याकडं येकच चहा हाय, नांदखेडचा."

"मोजतुया गं बाई. घरात आमी कानडीच बोलतो. मोजाया घेतलं की तीच जिभंवर येतीया."

नानासोंनी बशीत चहा ओतला. पण तो ओठांशी नेण्याआधीच औंधची पहिली जादा गाडी परतल्याचा गलका झाला, आणि तिचा चालक कृष्णात थोरात उपाहारगृहात शिरला. नानासोंची दृष्टी त्याच्या डाव्या बाहीवर खिळली. खाकी कापडावर तांबड्या रंगाचा तळहाताएवढा डाग होता.

धोंडुबाईचा सर्वांत कडवा निंदक कृष्णातच होता. "ह्या म्हातारीला खिंडीत न्याची, तर मागनं चार रेडं लागतील ढकलाया," असे तो चारचौघांत म्हणत आला होता. आकाराम दारातच उभा होता. त्यानेही तो डाग पाहिला, आणि त्याच्या हातातला पाना हळूच वर आला.

४

"पाना खाली ठेव, मिस्त्री," नानासो म्हणाले. "हा मनुष्य साडेपाचला औंधला गेला आणि गाडी साडेसहाला. त्याने ती नेली नाही. मात्र तिला हात लावला आहे. कृष्णात, कशासाठी?"

कृष्णातने बाही मागे लपवली. मग लपवण्यात अर्थ नाही असे दिसताच तो बाकावर बसला.

"काल सांजच्याला भोंगा लावला तिला," तो म्हणाला.

"कसला भोंगा?"

"पितळी. रबरी चेंडूचा. सतरा वर्सांमागं औंधची फेरी सुरू झाली, तवा हीच गाडी हुती, आन् मीच डायवर. तो भोंगा तिचाच. ती भंगारात निघाली, तवा मी घरी नेऊन ठेवला हुता. बायको रोज म्हनायची, त्यो भोंगा पोरास्नी खेळाया द्या. दिला न्हाई." तो थांबला. "म्हटलं, जायाचीच हाय त्या माळाला, तर आवाज तरी तिचा तिला असू दे. सांगू नगा कुणाला."

आकारामने पाना खिशात घातला आणि दगडाबाईला कृष्णातसाठी चहा सांगितला.

"आता दोन गोष्टी सांग," नानासो म्हणाले. "यमाईला यंदा कळस बसायचा आहे काय?"

"कळस? आवं, मी आत्ताच पायऱ्या चढून नारळ फोडून आलो. कळस जाग्यावर हाय. कुणी नवा आणणार असतं, तर अर्ध्या तालुक्यात डांगोरा पिटला असता."

"आणि यात्रेसाठी आजपासून रजा कोणी घेतली आहे?"

"राखीव डायवर ज्योतिबानं. पहाटंपासनं नियंत्रकाच्या खोलीत पिशवी घिऊन बसला हुता, जागा मिळंल त्या जादा गाडीनं जाणार म्हणून. पर माझ्या गाडीत न्हवता. मागल्या चारांच्या डायवरांस्नी मी औंधात भेटलो, त्यांच्यात बी न्हवता."

म्हणजे सव्वासहाला फोनजवळ ज्योतिबा एकटा होता. नियंत्रक फलाटावर, मिस्त्री आंघोळीला. ज्योतिबा चोर नव्हे. यमाईचे नाव घेतल्यावाचून तो गाडीची किल्लीदेखील फिरवीत नसे. मग त्याने नसलेल्या कळसासाठी औंधची गाडी औंधच्या उलट दिशेला का न्यावी?

नानासोंनी वहीतली ओळ पुन्हा पाहिली. *औंध गाडी. कळस.* ही वाक्ये नव्हती. फुटलेली भांडी होती. मराठी माणूस फोनवर असे बोलत नाही. कोणी मागणी केली असती, तर गाव सांगितले असते, पाटलांचे नाव घेतले असते, निदान "आवं" तरी म्हटले असते. फोनवरून जे आले, त्यातले ज्योतिबाला जेवढे कळले, तेवढेच त्याने टिपले होते.

समोर दगडाबाई कृष्णातला चहा देत होती आणि कोंडीबाला चिडवीत होती, "घ्या, ह्यो दुसरा. येरंडाचा."

नानासोंनी बशी खाली ठेवली. ती त्यांनी इतकी अलगद ठेवली की कोंडीबाने वळून पाहिले.

"कोंडीबा," ते म्हणाले, "तुझ्या आईला फोनवरून म्हणायचे असेल, 'एक गाडी पाठवा.' ती घाईत, घाबरून, घरच्या बोलीत कसे म्हणेल?"

"एक गाडी पाठवा?" कोंडीबाने डोके खाजवले. "ओंदु गाडी कळस्री."

चुलीवरचे दूध उतू गेले, तरी दगडाबाईने मागे पाहिले नाही.

५

"औंध हे गाव नव्हते, ती संख्या होती : 'ओंदु', म्हणजे 'एक'," नानासो म्हणाले. त्यांच्या समोर आता भाऊसो होते आणि तपासणीसाठी अर्धा तास आधीच येऊन ठेपलेले अभियंता साहेब. मधल्या तीन तासांत नानासोंनी एकच काम केले होते : माणसे पिटाळू नका, म्हणून भाऊसोंशी भांडण. "आणि कळस हा देवळाचा नव्हता, 'कळस्री', म्हणजे 'पाठवा'. बाळगीहट्टीची मंडळी ज्या ट्रकातून येत होती, तो वाटेत मोडला असणार. ताडगाव फाट्यावर कारखान्याची गट-कचेरी आहे, तिथे फोन आहे. तिथून त्यांनी एक गाडी मागितली. फोन ज्योतिबाने घेतला; तो कुठून आला, हे जोडून देणाऱ्या एक्स्चेंजने त्याला सांगितलेच असणार. ज्याच्या मनात आधीच औंध भरले आहे, त्याच्या कानाला 'ओंदु' हे 'औंध'च ऐकू येणार. देवीचा कळस फाट्यावर खोळंबला आहे, असे तो समजला. औंधची पाटी असलेली एकच गाडी आवारात उरली होती, ती घेऊन तो निघाला. हंबीरराव खरे बोलला. गाडी डावीकडेच वळली."

"तेच मी मघापासून म्हणतो, गाडी ताडगाव फाट्यावर मिळेल," भाऊसो पुन्हा उठले.

"मिळणार नाही. फाटा इथून एक तास वीस मिनिटांवर आहे. तिथून सरळ परतली असती, तर सव्वानऊपर्यंत इथे आली असती. आली नाही, अर्थात ती पुढे गावात गेली. वीस वर्षे गाडीची वाट पाहिलेली माणसे, गाडी हाती लागल्यावर तिला आधी गावात नेऊन ओवाळणार नाहीत, तर काय करतील? आणि ढोल घेतलेल्या चाळीस माणसांपुढे ज्योतिबा एकटा."

साहेबांनी घड्याळ पाहिले. एक वाजून बेचाळीस मिनिटे झाली होती. "इंगवले, तुमचे तर्कशास्त्र उत्तम आहे. पण माझ्यासमोर गाडी नाही. दोनला मला शेरा लिहावा लागेल."

आकाराम छपराच्या खांबाला टेकून उभा होता. त्याने वर पाहिले नाही.

"एक पन्नासला येईल," नानासो म्हणाले.

"हे कशावरून?"

"त्या फेरीचे वेळापत्रक मी आखले आहे. त्याची एक प्रत कोंडीबाने बाळगीहट्टीच्या बिरोबाच्या खांबाला चिकटवली आहे. गावाहून सुटण्याची वेळ अकरा पस्तीस, नांदखेडला पोचण्याची एक पन्नास. ज्यांनी ते रोज वाचून घेतले आहे, ती माणसे अकरा चौतीसला गाडी हलू देणार नाहीत."

साहेब हसले, पण खुर्चीवर बसले नाहीत, फाटकाशी जाऊन उभे राहिले. सगळे आगार तिथे जमले. एक पन्नास झाले. डावा रस्ता मोकळाच होता. एक्कावन्न झाले. बावन्न झाले. नानासोंनी घड्याळ कानाशी धरून ते चालू असल्याची खात्री केली, आणि त्यांचे कान तांबडे झाले.

त्रेपन्नाव्या मिनिटाला, पंपाच्या वळणाआड, पितळी भोंगा वाजला. भसाडा आणि मोठा, थेट रेड्यासारखा.

"माझी," कृष्णात म्हणाला.

"माझी," आकाराम त्याच वेळी म्हणाला.

धोंडुबाई आली. तिच्या कपाळावर भंडारा होता, आरशांना कडुनिंबाचे डहाळे होते, टपावर दोन ढोल वाजत होते, आणि आत बावन्न आसनांवर सत्तरएक माणसे होती. कोकरे किती, ते कोणी मोजले नाही. हंबीररावने सवयीप्रमाणे रेघ मारली आणि सलाम ठोकला. मफलर सुटलेला ज्योतिबा खाली उतरला आणि थेट नानासोंच्या पायाशी वाकला.

"कळस सापडला न्हाई, नानासो. समदा फाटा हुडकला. ही माणसं मला आत बसवून घिऊन गेली, पुरणपोळी खाऊ घातली, मग सोडलं. मला काय उमगंना."

"खिंड?" साहेबांनी विचारले.

"कसली खिंड?"

"सिद्धाची. चढली का गाडी?"

"व्हय तर. जाताना चढली, येताना चढली. दुसऱ्या गेरात." ज्योतिबाला हा प्रश्न का विचारला जातो, हे शेवटपर्यंत कळले नाही.

साहेबांनी गाडीभोवती एक फेरी घातली, चाकांना पायाने दोनदा ठोकले, बॉनेटवर हात ठेवून काढून घेतला. मग तपासणीचा कागद गाडीच्याच अंगावर धरून सही केली. कागदाला तांबडा रंग लागला. आकाराम तो कागद हातात घेऊन उभा राहिला, आणि तो कोणत्या खिशात ठेवावा, हे त्याला बराच वेळ सुचले नाही.

"तीन मिनिटे उशीर, इंगवले," जाताजाता साहेब म्हणाले.

"उशीर नव्हे," नानासो म्हणाले. "वेळापत्रकात ढोल धरलेले नव्हते."

बरोबर तीन वाजता पहिली अधिकृत फेरी सुटायची होती. कोंडीबा चालकाच्या जागेवर बसला. पण रंगारी यात्रेला गेला होता, आणि बाळगीहट्टीची पाटी त्याच्या कुलुपात होती. भाऊसो पुन्हा घाबरे झाले. औंधची पाटी लावून गाडी जतकडे जाणे हे सरळसरळ नियमबाह्य होते; आणि नियमाच्या बाबतीत नानासोंशी वाद घालण्याची त्यांची तयारी नव्हती. ते नानासोंकडे पाहू लागले.

नानासो काही बोलण्याआधी कोंडीबाची आई, रंगूबाई, दारातल्या पायरीवर थांबली. तिला वाचता येत नव्हते.

"काय लिवलंया रं वर?" तिने मुलाला विचारले.

"औंध, आये."

म्हातारीने पाटीकडे पाहून समाधानाने मान डोलावली.

"ओंदु," ती म्हणाली. "बराबर हाय की. आमची येकच हाय."

नानासोंनी वहीतली सकाळची ओळ काढली, *औंध* हा शब्द खोडून वर *ओंदु* लिहिले, खाली आपली सही केली आणि पाटी तशीच राहू दिली. पुढचे आठ दिवस धोंडुबाई औंधची पाटी लावून बाळगीहट्टीला जात राहिली, आणि एकही उतारू चुकीच्या गाडीत बसला नाही.